तिसऱ्या नंबरचा रंग

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहोत. फोन न करण्याचं कारण एवढंच की फोन हिच्या उशाशी असतो, आणि मला जे विचारायचंय ते हिच्या कानावर जाता कामा नये.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. मात्र दोन महिने ओट्यापाशी उभं राहायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. ही बातमी कळताच हिची थोरली बहीण, म्हणजे माझ्या अक्कडसासूबाई, हिला दोन महिने आपल्याकडे न्यायला निघाल्या. त्यांच्याकडे तळमजला आहे, स्वयंपाकीण आहे, मागेपुढे बाग आहे. मी म्हटलं, काही गरज नाही, मी आहे ना. त्यावर ही इतकी हसली की गुडघ्याला कळ लागली.

मग माझाही पारा चढला, हिचाही चढला आणि अट ठरली. तुला माहीतच आहे, थंडीत रोज चार वाजता हिला कॅरॅमलचं हॉट चॉकलेट लागतं. अक्कडसासूबाई अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, गाडी घेऊन येणार आहेत. तोवर मी एकट्याने, कुणी शेजारी उभं न राहता, एक पेला पिण्याजोगा करून दाखवला तर ही राहणार. नाहीतर बॅग भरणार.

हिला ते तूच शिकवलं होतंस, म्हणून तुझ्या पायाशी आलोय. जन्मभर लिफ्टची मशीनं दुरुस्त केली, एका पातेल्यापुढे हार मानायची म्हणजे काय. आणि खरं सांगू का ताई, ही गेली तर दोन महिने या घरात मी भांडू कुणाशी? मला ती जायला नको आहे. हे तिला सांगण्यापेक्षा चॉकलेट करणं सोपं असेल, असं वाटतंय.

लोभ आहेच, तो मंद आचेवर ठेव, उतू जाऊ देऊ नकोस.

तुझा,
पान्या

•

७ जानेवारी

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी घरातलं प्रत्येक यंत्र पान्याने खोलून ठेवायचास म्हणून हे नाव पडलं, आणि आता तोच पाना घेऊन तू स्वयंपाकघरात शिरलास. ओट्याची मला काळजी वाटते.

नीट वाच. जाड बुडाचं पातेलं घे. त्यात चार चमचे साखर कोरडीच टाक आणि आच मंद ठेव. साखर विरघळेल, मग रंग धरू लागेल. सगळी गंमत त्या रंगात आहे. आधी पिवळसर, मग मधासारखी, मग तांबूस सोनेरी होईल. त्या तांबूस सोनेरीला थांबायचं, पुढे गेलास की गेलास. लगेच गॅस बंद करून चमचाभर बटर, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी गरम दूध हळूहळू घाल. दूध गरमच हवं. मग पेलाभर दूध, दोन चमचे कोको पावडर आणि डार्क चॉकलेटच्या दोन वड्या घालून मंद आचेवर घोटत राहा.

तुझी बहीण एकतीस वर्षं चित्रकलेची शिक्षिका होती, तेव्हा नुसत्या शब्दांवर मी थांबणार नाही. सोबत एक पट्टी पाठवतेय. साखरेच्या रंगाच्या पाच छटा जलरंगात काढल्या आहेत. चित्र खराब नको म्हणून नंबर मागच्या बाजूला घातलेत. तिसऱ्या नंबरला थांब. दोन दिवस खपून केलीय, गॅसपासून जरा लांब लाव. इतकं सोपं तर मी पहिलीच्या मुलांनाही करून दिलं नव्हतं.

गुडघेवाल्या बाईसाहेबांना माझी आठवण सांग, म्हणजे सांगू नकोस, गुप्त आहे ना सगळं.

हात भाजू न देता माझा मान राखावास, ही इच्छा.

तुझी ताई

•

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. फार सुंदर आहे. ओट्यासमोरच्या फरशीवर खळ लावून पक्की चिकटवली. नंबर मागे होते हे चिकटवल्यावर आठवलं.

प्रगती अशी आहे. पहिला पेला हिने तोंडाला लावला आणि गोड दूध चांगलं झालंय म्हणाली. दुसऱ्याचा वास खोलीपर्यंत गेला आणि हिने पडल्या पडल्या विचारलं, की रस्त्यावर डांबर टाकतायत का. तिसऱ्या वेळी घाईत दूध थंडच ओतलं. साखरेचा दगड झाला आणि त्यात चमचा उभाच्या उभा अडकला. मी छिन्नी आणि हातोडी घेतली. चमचा सुटला, पातेल्याला मात्र पोचा आला. नंतर कळलं की गरम पाण्यात ठेवलं असतं तर आपोआप सुटलं असतं.

तुझी पट्टी वाईट नाही, दोष माझाच आहे. रंग नक्की कधी तांबूस होतो ते लक्षात येत नाही, बहुधा दिव्याचा उजेड कमी पडतो. उद्या मोठा दिवा लावतो. तू आणखी एखादी ठळक पट्टी पाठवशील का? नको, राहू दे.

शनिवारला अजून सतरा दिवस आहेत. हिने बॅग माळ्यावरून काढायला लावली आणि मीच काढून दिली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
पान्या

•

१२ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी पलंगावर, पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितेय, आणि खालची पेपरवाली पेटीत टाकणार आहे. फोन करता आला असता, पण तुमच्या बंधूंचे कान मोटारीच्या आवाजावर तयार झालेले आहेत. मधलं दार लावलेलं असलं तरी त्यांना सगळं ऐकू येतं.

गुप्त कारभार मला कळलाय. ओट्यावर तुमच्या हाताची पट्टी दिसली, तीही उलटी लावलेली. काल कुबड्या घेऊन पाणी प्यायला गेले तेव्हा पाहिलं. जळकी साखर वर आणि पिवळी खाली.

वन्सं, तुम्हाला एक सांगते. लग्नाच्या आधी शपथ घातली होती म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. ह्यांना रंग दिसत नाहीत. म्हणजे दिसतात, पण लाल, हिरवा आणि तपकिरी हे ह्यांना एकाच घरचे वाटतात. मला पहिली भेट म्हणून शाल आणली होती, मातीचा रंग आहे, साधा आहे म्हणून. ती पोपटी होती. मी पोपटीला जुळेल अशी नेसते म्हणत साडी बदलून ती अंगावर घेतली, आणि तेव्हाच ह्यांनी खरं सांगितलं. कामावर वायरी कशा ओळखायचे माहीत आहे? सोबतच्या माणसाला एकदा रंग विचारून प्रत्येक वायरीला दोऱ्याच्या गाठी मारायचे. एका गाठीची, दोन गाठींची, तीन गाठींची. चाळीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही आणि लिफ्टही कधी अडकली नाही.

मग तुम्हाला का सांगितलं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, की सात वर्षांचा असताना मी एक झाड काढलं होतं, ताईला विचार. 

आता माझी अडचण ऐका. मला अक्काकडे जायचं नाही. तिथे संध्याकाळी साडेसातला दिवे मालवतात आणि दिवसभर मी कशी चुकीची बसते ते सांगतात. पण अट मीच घातली आणि शब्द तोंडातून गेला, तो आता गिळता येत नाही. तुम्ही जाणता, मी कशी आहे. आणि काहीही प्यायला दिलं तरी छान म्हणावं, तर ह्यांना खोटं लगेच ऐकू येतं. मी स्वतः रंग बघूनच करते, दुसरी कुठली खूण मला सांगता येत नाही. तेव्हा तुम्हीच बघा काहीतरी.

रागावलात तरी पत्र लिहून रागवावं, तेवढा हक्क आहे तुमचा.

तुमची,
भावजय

•

१७ जानेवारी

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने मला सांगितलं. तिच्यावर रागवायचं नाही, ही माझी आज्ञा समज.

ते झाड मला आठवतं. हिरवं खोड आणि तपकिरी पानं. मी अकरा वर्षांची होते आणि ते चित्र घेऊन मी सगळ्या आळीत हिंडले, दारोदार दाखवून हसले. तू माझ्या मागे मागे येत होतास आणि कागद परत मागत होतास. तुला रंग तसेच दिसत असतील असं मनातही आलं नाही, मला वाटलं तू वेंधळा आहेस. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. एकतीस वर्षं दर वर्गाला पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगायचे. माझ्या भावाने काय केलं माहीत आहे का, म्हणून. वर्ग खदखदून हसायचा. प्रत्येक वर्गात एखादा तुझ्यासारखा न हसता बसलेला असेल, हे मला तीन-चार दिवसांपूर्वीपर्यंत सुचलं नाही. रंग शिकवणारी मी, आणि घरचं माणूस मला दिसलं नाही. माझं चुकलं रे. फार चुकलं.

आणि वर मी तुला पट्टी पाठवली. पाच छटांची. जलरंगात.

तर आता कामाचं बोलू. तीन दिवस मी डोळ्यांना रुमाल बांधून साखर वितळवतेय. दोनदा जाळली. दुसऱ्यांदा धूर झाला तेव्हा शेजारीण तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आली, तर निवृत्त शिक्षिका डोळे बांधून गॅससमोर नाक फेंदारून उभी. ती आल्या पावली परत गेली. तेव्हापासून जिन्यात भेटली की माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलते.

पण तिसऱ्यांदा जमलं. ऐक. आधी चमच्याखाली साखर खरखरते. मग ढेकळं होतात आणि चमचा अडखळतो. मग एकाएकी आवाज थांबतो आणि चमचा तेलातून फिरावा तसा फिरतो. इथून कान सोड आणि नाक लाव. आधी नुसता गोड वास येईल. मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंग. आणि मग नाकाच्या शेंड्याला गोड, पण मागे घशाशी किंचित कडू, असा येईल. त्या क्षणी गॅस बंद. एक श्वास जास्त घेतलास तर डांबर. गरम दूध ओतलं की ते फसफसेल, चिडेल. चिडू दे, अशा स्वभावाची तुला सवय आहे.

पट्टी काढून टाक. माझ्यावरची माया तेवढी काढू नकोस.

तुझी,
चुकलेली ताई

•

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एक दिवस मी कुणाशीच बोललो नाही. हिने सहन केलं, यावरून तिलाही वाईट वाटलं होतं हे कळतं. दुसऱ्या दिवशी राग गेला, कारण डोळे बांधून उभी असलेली तू सारखी डोळ्यांसमोर येत होतीस आणि हसू आवरेना. एवढं हसल्यावर झाडाची फिटंफाट झाली असं समज.

पण तू हे आधी का नाही सांगितलंस, की हा जळण्याच्या आधीचा वास आहे? तो मला तोंडपाठ आहे. मोटार तापली की जळायच्या क्षणभर आधी असाच वास सोडते. तेव्हा हात बटणावर गेला नाही तर आतल्या तारांचं सगळं वाइंडिंग जळून गेलं. चाळीस वर्षं मी दुसरं केलंय काय? तुम्ही बायका उगीच त्याला रंग म्हणता.

सरावाला अजून सात दिवस आहेत. बॅग दारापाशी आहे, पण तिच्यावर सध्या मी धुतलेली पातेली वाळत घालतो.

तुझा आशीर्वाद नाकाला लागो.

पान्या

•

२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल अक्कडसासूबाई बरोबर साडेतीनला गाडी घेऊन हजर झाल्या. चार वाजता मी आत गेलो, दार लावलं, दिवाही लावला नाही. खरखर थांबली, शेंगदाणे आले, घशाशी कडू आलं, गॅस बंद. पेला हिच्या हातात दिला. हिने एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग बहिणीला म्हणाली, की अक्का, ती बॅग तेवढी माळ्यावर टाकायला सांग. ताई, खोटं मला लगेच ऐकू येतं, आणि ते खरं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की तू जाऊ नयेस असं मला पहिल्यापासून वाटत होतं. त्यावर ही म्हणाली, हे पातेल्याला पोचा पाडण्याआधी सांगता आलं असतं.

इथवर सगळं गोड झालं. पण चूक अशी झाली की उरलेलं अर्धं मी अक्कडसासूबाईंना दिलं. त्यांनी ते प्यायलं, आणखी आहे का विचारलं, आणि आता गाडी परत पाठवून त्या आठवडाभर राहिल्या आहेत. हे शिकल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. आज सकाळी त्यांनी रंग बघून केलं आणि जाळलं. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी माझं ऐकलं. रात्री साडेसातला दिवे मालवायचं मात्र सोडलेलं नाही.

पट्टी मी फेकणार नव्हतोच. गरम पाण्याने सोडवली, हिच्याकडून सुलटी करून घेतली, आणि प्रत्येक छटेखाली माझ्या खुणा लिहिल्या. पहिली, खरखर. दुसरी, शेंगदाणे. तिसरी, थांब. चौथी, डांबर. पाचवी, अक्कडसासूबाई. ही पट्टी आता ओट्यासमोर कायमची राहील.

सोबत एक कागद पाठवतोय. झाड काढलंय, पंचावन्न वर्षांनी. या वेळी खोडाचा रंग चुकणं शक्य नाही, कारण ते मी तिसऱ्या नंबरच्या कॅरॅमलने रंगवलंय. खात्री नसेल तर वास घे. पानं कोरी ठेवली आहेत. ती तू रंगव. मुंग्या लागायच्या आत रंगव, आणि मग आळीभर दाखव.

लोभ आहे, तो जळायच्या आधीच ओळखत जाऊ.

तुझा,
पान्या