चटणीचं पथ्य

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमचं दुखणं काय होतं ते मला आत्ता कळलं. तेव्हा मी कॉलेजात होते, धाकटा आईच्या कडेवर. रक्त पडायचं, त्याला सगळे मूळव्याध म्हणत. अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही यंत्रमागावरून येता, कडक भाकरी मोडता, शेंगाचटणीत बोटाने आळं करून तेल ओतता. "त्या चटणीनंच आतडी जाळली," तुम्ही गेल्यावर आई म्हणाली आणि उखळ देऊन टाकलं. आईमागे ते पथ्य मी चालवलं. धाकटा कुठे जेवायला बसला की आधी त्याचं ताट बघायचे. "आप्पासारखं व्हायचंय? मग खाऊ नकोस."

आता त्यालाही रक्त पडलं. मीच ओढत दवाखान्यात नेलं. आत घातलेल्या कॅमेऱ्यात दिसलं, मोठ्या आतड्यात बारीक गाठींचा नुसता खच. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर अजून नाही. तो होऊ द्यायचा नसेल तर आतडं आधीच काढून टाका. हा दोष वडिलांकडून आलेला, खाण्याशी त्याचा संबंध नाही. मग माझंही रक्त तपासलं. माझ्यात तो नाही.

धाकटा ऐकत नाही. "दुखत न्हाय, खुपत न्हाय. चालता माग कोन खोलतं, अक्का?" मी ओरडले. माझ्या नजरेने अख्खा वर्ग गप्प बसायचा, हा हसतो. "बाई, हितं फळा न्हाय." मग हसणं थांबवून म्हणाला, "तूच सांगितलंस की, चटणी सोड, तुला हुनार न्हाय. जन्मभर सोडली. आता डाक्टर कोन तुझ्यापेक्षा मोठा?"

माझंच वाक्य त्याने मला ऐकवलं, आप्पा. मला!

आज खलबत्त्यात चटणी कुटली. भाकरीशेजारी वाढली. म्हटलं, "खा. हिच्यानं काही होत नाही, मी चुकीचं सांगत होते." त्याने एका बोटाने ती ताटाच्या कडेला सारली. "नगं अक्का. इतकी वर्सं ह्येच्यामुळंच वाचलो, आता कशाला मोडू?" दह्याशी भाकरी खाल्ली आणि गाडीला किक मारून एमआयडीसीत पाळीला गेला.

ताट अजून समोरच आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. माझ्यात दोष नाही, तसा रिपोर्ट आहे. तरी तो गेल्यावर ती चटणी मी बोटावर घेतली, आणि मलाही तोंडात घालवेना.