खुनी कोण ते ह्यांना दहा मिनिटांत कळलं

६ नोव्हेंबर १९९४, बेलव्ह्यू, अमेरिका
पुण्याच्या कॅम्पातलं टॉकीज. रविवार सकाळचा खेळ. लग्नाआधीचे हे आणि मी, मधे शेंगदाण्यांची एक पुडी. पडद्यावर अमेरिकन रहस्यपट. दहा मिनिटं झाली नाहीत तोच हे कानात कुजबुजले, खुनी डॉक्टर आहे. आणि निघाला डॉक्टरच! तेव्हाच ठरवलं, नवरा असाच हुशार हवा. इथे सगळे आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमतात, त्या प्रत्येक पॉटलकला मी हे सांगते.
आज नातीने, केयाने, लायब्ररीतून नेमका तोच सिनेमा आणला. उद्या टेप लावणार.

७ नोव्हेंबर
पाहिला. भलताच स्वस्तातला. तीन घरांत एकच जिना. दार आपटलं की भिंत हलते. केयाने विचारलं, आजी, डॉक्टर तर शेवटी येतो, मग आजोबांना आधीच कसं कळलं?
लहान मुलांना टीव्ही जास्त दाखवू नये.
म्हणजे ह्यांनी तो आधी पाहिला होता. कोणाबरोबर? एकटे हे दवाखान्यातसुद्धा जात नाहीत.

८ नोव्हेंबर
ठरवलं, विषय काढायचा नाही.
चहाच्या वेळी काढला. हे म्हणाले, आठवत नाही, आणि हवामानाच्या बातम्या लावल्या. इथे पाऊसच असतो, त्यात बघायचं काय?
माझी शाळेतली मैत्रीण पद्मजा. हे तिच्या भावाचे मित्र. उगाच आपलं लिहून ठेवलं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, मत्सर पाप आहे. मॉरल सायन्समध्ये मी पहिली होते. पद्मजा दुसरी.

१२ नोव्हेंबर
पद्मजा हल्ली इथे जवळच, रेडमंडला मुलाकडे आहे. तिला जेवायला बोलावलं, निव्वळ प्रेमाने. जेवणानंतर सहज टेप लावली. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. दार आपटायच्या आतच ती म्हणाली, आता भिंत हलणार! हेही त्याच क्षणी तेच म्हणाले. मग दोघं हसत सुटले. मीही हसले. किचनमध्ये जाऊन एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

१३ नोव्हेंबर
पद्मजाचा फोन. म्हणाली, अगं नंदा, कसलं तोंड केलं होतंस काल! तुझा गुरुनाथ मराठी शाळेतला. अमेरिकन इंग्लिश त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कॉन्व्हेंटच्या मुलीसमोर फजिती नको, म्हणून आदल्या दिवशी मला घेऊन गेला. वाक्यावाक्याला अर्थ विचारत होता, मागचे लोक ओरडले.
डोळ्यांत पाणीच आलं. माझ्यासाठी एवढं! सगळं माफ केलं.
मग सहज विचारलं, तुला काय खायला दिलं?
आइसक्रीम. दोनदा.

१४ नोव्हेंबर
मनात आता काही नाही.
मी गेल्यावर मोत्याच्या कुड्या केयाला. पैठणी पद्मजाला द्यायची होती, तीही केयाला. पद्मजाला शाळेचा ग्रुप फोटो द्यावा, त्यात तिचे डोळे मिटलेत. टेप लायब्ररीला, उद्याच.
ह्यांना शेंगदाण्यांची एक पुडी. त्यातले अर्धे माझ्यासाठी ठेवायचे, पद्मजा आली तरी.