अस्वल बोटीत कसं बसलं

चि. धाकटीस,

तुझ्या भाऊजीचे आशीर्वाद. मी बरा आहे, तू बरी असशीलच. गुडघ्यांचं मुद्दाम विचारत नाही. विचारलं की तू दोन पानं गुडघ्यांवर घालवतेस आणि तिसऱ्यावर नुसती सही.

तुझं पत्र मिळालं. ताई दरवर्षी यादी पाठवायची, एक जुनी नावाजलेली कादंबरी, नातीसाठी एक गोष्टीचं पुस्तक आणि एक गाण्यांची रेकॉर्ड. आता ती नाही, तर यंदा यादी तुम्ही पाठवा, असं लिहिलंस. अगं, मी चौथी शिकलेला बाइंडर. चाळीस वर्षं पुस्तकं बाहेरून पाहिली. चांगलं पुस्तक म्हणजे ज्याची शिलाई जाड दोऱ्याची आणि पुठ्ठा वाकत नाही ते. आतलं खातं तिच्याकडं. गिऱ्हाइकाचं पुस्तक बांधायला आलं की आधी ती वाचणार, आणि तिचं संपेपर्यंत मी गिऱ्हाइकाला "चिकटवायची खळ वाळली नाही अजून" म्हणून परत पाठवणार. (एका हेडमास्तरांना तीन आठवडे फिरवलं. कादंबरी जाड होती.) बाजारात नाव झालं, माणूस कामाला चोख, पण याची खळ काही वाळत नाही, भर उन्हाळ्यातसुद्धा नाही. ऐकून घेतलं. काय करणार, ती शेवटच्या प्रकरणावर असायची.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. रेकॉर्ड घे ती निळ्या पाकिटाची, जिच्यावर गाणारी बाई पाठमोरी बसलीय. दहा गाणी, दहाही चांगली, असं ती म्हणायची. आमच्या रेकॉर्डवर चौथ्या गाण्यात चरा आहे, सुई एक ओळ गाळून पुढं उडी मारते. ती ओळ तुझी ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, हातातलं काम न सोडता, आणि गाणं सुरळीत पुढं. इतकी वर्षं मला वाटायचं रेकॉर्ड ठीक आहे. परवा लावली तर तिथं भोक. पुन्हा लावली, पुन्हा भोक. तिसऱ्यांदा ती ओळ मीच म्हटली. शेजारचा शिंपी गळ्यात टेप तसाच धावत आला, "काका, पडलात की काय?" म्हटलं, गातोय. तो म्हणाला, "मग डॉक्टरला बोलावू?" तेव्हा तू नवी विकत घे.

कादंबरी तीच, तिची आवडती, बोटीच्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाईची. घरदार सोडून निघालेली असते, पण बोटीत पाऊल टाकेना. तिनं चारदा वाचली होती. आणि तुझ्या नातीसाठी ते अस्वलाचं, पण ते तुम्हाला मी आधीच पाठवलंय, आणि घोळ तिथंच आहे. डॉक्टरनं ज्या दिवशी रिपोर्ट दिला (तिनं तो उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि म्हणाली चहा ठेवते), त्याच दुपारी मी दोन्ही पुस्तकं पक्क्या बांधणीसाठी उसवली होती, तिची कादंबरी आणि नातीचं अस्वल. एकाच मापाची. त्यात शेवटचे फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांच्या घड्या, इकडचे तिकडं गेले. चाळीस वर्षांतली पहिली चूक. अस्वल पोस्टात टाकलं आणि विसरलो.

पुढं तिची नजर गेली तेव्हा कादंबरी मी वाचून दाखवायचो. डोंगर, नदी, चांदणं आलं की गाळायचो, उगाच लांबण. ती डोळे मिटूनच म्हणायची, "एक डोंगर खाल्लात." मागं जाऊन डोंगर वाचायचा. असं महिनाभर चाललं. शेवटी बाई धक्क्यावर आली, बोटीचा भोंगा झाला, मी पान उलटलं आणि त्याच दमात वाचलं, पिल्लू म्हणालं, आई, मी हरवलो होतो. माझ्या काही लक्षात आलं नाही. (मला वाटलं बाईला मूल असेल. अस्वलाच्या पुस्तकात शेवटी चित्रंही नाहीत, छापणाऱ्याचा रंग संपला असावा.) मध आला तेव्हा थांबलो. तोवर ही इतकी हसत होती की मला तिला उठवून बसवावं लागलं. कित्येक महिन्यांनी हसली. मी पुस्तक मिटायला लागलो तर म्हणाली, "मिटताय काय, वाचा." वाचलं. पिल्लाला आई सापडली, दोघं गुहेत जाऊन झोपली. म्हणाली, "हा शेवट बरा आहे." म्हटलं, मग खरा काय? बाई गेली की परत फिरली? म्हणाली, "शेवट सांगायचा नसतो. तुम्हीच वाचा आता." चौथ्या दिवशी ती गेली.

लोक भेटायला येतात, हात धरून बसतात. मला ते जमत नाही. मी पुठ्ठ्याचं माप घ्यायला उठतो. असो. एवढं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, बोट दुखायला लागलं.

तुझा,
भाऊजी

ता. क. तुझ्या पत्राखाली नातीनं पेन्सिलीनं विचारलंय, अस्वल बोटीत कसं बसलं? तिला सांग, ते अस्वल नव्हे. पण बोटीत बसलं असं लिहिलंय, म्हणजे बाई गेली वाटतं. तिला म्हणावं यापुढं काही सांगू नकोस. ती सोळा पानं मला हवी आहेत, पत्र त्यासाठीच. यादी तुला माझ्यापेक्षा दुकानदार बरी देईल.

आणखी एक. नवी प्रत घ्या म्हणशील. गेलो होतो दुकानात. नुसती चिकटवलेली, शिलाईचा पत्ता नाही. न उघडता ठेवून दिली.

शेवटचं. पोस्टानं पाठवू नकोस, पोस्टात कोपरे मुडपतात. पुस्तक घेऊन तूच ये आणि तूच वाचून दाखव. तुझा आवाज तिच्यासारखा आहे म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण ऐकून बघायला हरकत नाही. मग दोन्ही पुस्तकं उसवून नीट बांधून देतो, काम एका दिवसाचं. पण माझी खळ कशी आहे तुला ठाऊक आहे. त्या बेतानं कपडे आण.