युनिट दोनचा ताबा

१ डिसें., सोम.

ऑर्डर आली. सर्जरीचं युनिट दोन आजपासून डॉ. निहार साठ्येकडे. मी त्याच युनिटात, त्याच्या हाताखाली. चार वर्षं प्रभारी म्हणून राबवून घेतलं आणि आता म्हणे नियमित नेमणूक. साठ्ये अडतीसचा, मी बावन्नची. पुण्याहून आलाय, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचं जादा ट्रेनिंग घेऊन. आम्ही इथे जळगावात आजवर काय विळ्याने कापत होतो?

विभागप्रमुख पवार सर म्हणाले, "मॅडम, नव्या मंडळींच्या स्वागताचं तुम्हीच बघा. तुमच्याइतकं कोणाला जमत नाही." माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याला शाल मीच घालायची. हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

नवे दोघं आहेत खरं तर. दुसरा पिंजारी, धुळ्याचा, युनिट तीनला. त्याच्याशी माझं काही वाकडं नाही.

२ डिसें., मंगळ.

स्वागत उरकलं. दोन शाली, दोन नारळ, समोसे गार. साठ्ये भाषणात म्हणाला, इथे करण्यासारखं खूप आहे. म्हणजे आजवर कोणी काही केलंच नाही. टाळ्या वाजवल्या मी. मोजून तीन.

कार्यक्रमापायी आजची ऑपरेशनं रद्द. मंगळवार आमच्या युनिटाचा. साठ्येची पहिली केस आता ९ तारखेला, पित्ताशयाची, दुर्बिणीतून. पवार सरांनी सगळ्यांदेखत रीत आठवून दिली. नवा सर्जन पहिली केस करतो तेव्हा ते टेबल आधी ज्याचं होतं त्याने समोर उभं राहून कॅमेरा धरायचा. खैरनार सरांनी माझ्यासाठी धरला होता, निवृत्तीला दोन महिने राहिले असताना. दीड तास कॅमेरा हलू दिला नाही. शेवटी म्हणाले, "आता टेबल तुझं."

मला नाही जमायचं. खैरनार सर मोठे होते, मी नाही.

४ डिसें., गुरु.

ताबा दिला. उपकरणांची यादी, पेशंटची वेटिंग लिस्ट, किल्ल्या, सह्या. साठ्येने विचारलं, "सांगायचं काही राहिलंय का मॅडम?" म्हटलं, "फाईलमध्ये सगळं आहे." खोटं नाही. लिहिलेलं होतं ते सगळं दिलं.

लिहिलेलं नव्हतं ते इथे लिहिते. मंगळवारी सकाळी साडेसहाला मी वॉर्डात जाते आणि ज्यांचं ऑपरेशन आहे त्या प्रत्येकाला विचारते, "केयं खादं का?" नुसतं "काही खाल्लं का" विचारून भागत नाही. आपल्या भागात केळं खाण्यात धरतच नाहीत. भाकरी पोटात नाही म्हणजे माणूस उपाशी. अकरा वर्षांपूर्वी एकजण असाच उपाशी म्हणून टेबलावर आला. भूल देताना पोटातलं सगळं वर आलं आणि छातीत गेलं. चौथ्या दिवशी गेला तो. तेव्हापासून माझा एक मंगळवार चुकला नाही. आधी चहाचं विचारते, मग केळ्याचं. हो म्हणाला की त्याची केस पुढच्या मंगळवारवर.

फॉर्मवर हे कुठेच नाही. तिथे "रात्रीपासून उपाशी" अशी एक चौकट आहे, तिच्यात खूण करायची. साठ्येला चौकटी फार आवडतात असं दिसतं. घे म्हणावं चौकटी.

७ डिसें., रवि.

ऑफिसातल्या भंगाळे भाऊंच्या शेतात भरीत पार्टी. नव्यांसाठीच. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. साठ्येला तिखट झेपेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी बाबाने दुसऱ्यांदा मागून घेतलं. नाटकी कुठला. भंगाळे भाऊ खूश.

हात धुताना माझ्याशेजारी येऊन म्हणाला, "मंगळवारी समोर तुम्ही असणार ना? मला जरा दडपण आलंय खरं सांगायचं तर." म्हटलं, बघू.

निघताना सुनंदा सिस्टर. वॉर्डच्या इन्चार्ज, सोळा वर्षं माझ्यासोबत. "मॅडम, मंगळवारी सकाळी येणार ना विचारायला?"

"युनिट आता माझं नाही सिस्टर."

"मग मी विचारून घेऊ का?"

"तुम्हाला नव्या साहेबांनी सांगितलंय का?"

पिशवी उचलून निघाल्या. पूर्वी एकदा मी यायच्या आधीच त्यांनी विचारून ठेवलं होतं तर सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं मी त्यांना. ते त्या विसरलेल्या नाहीत. मीही नाही.

८ डिसें., सोम.

उद्याची रजा टाकली. कारण: आईची तब्येत. आई ठणठणीत आहे. कॅमेरा धरायला रेसिडेंट पोरं आहेत की.

९ डिसें., मंगळ. पारोळा.

सवयीने सहालाच जाग. साडेसहाला आईच्या ओट्यावर चहा घेत बसले आणि हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. आठला अंगणात फेऱ्या. आई वैतागली. "सुट्टी काढी ना, मंग बठ ना एका जागे."

दहाला सुनंदा सिस्टरचा फोन. इंदूबाई म्हणून साठीच्या, धरणगावकडच्या. साठ्येची पहिली केस. भूल देतानाच उलटी झाली, केळी निघाली, बरंचसं छातीत गेलं. ऑपरेशन झालंच नाही. नळी घालून आयसीयूत नेलंय. "फॉर्मवर उपाशी लिहिलेलं होतं मॅडम. भूलवाल्या डॉक्टरांनीसुद्धा विचारलं होतं, काही खाल्लं का. नाही म्हणाली हो." आणि रडायला लागल्या.

पहिल्यांदा जे वाटलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकबूल करीन. बरं वाटलं. घटकाभरच, पण वाटलं. बघा म्हणावं आता, करण्यासारखं खूप आहे. मग ताट लोटून उठले. आईला वाटलं भाजी खारट झाली.

१० डिसें., बुध.

इंदूबाई व्हेंटिलेटरवर. साठ्ये कालच्याच शर्टात आयसीयूबाहेर बाकावर बसलेला. इंदूबाईंचा मुलगा त्याच्यावर आवाज चढवून बोलत होता. "साहेब, तुमच्या भरोशावर आणली होती आई." साठ्ये मान खाली घालून ऐकत होता. मी काचेपर्यंत जाऊन परत आले.

केवढीशी आहे बाई. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, त्या काढून उशाशी पिशवीत ठेवल्यात.

१३ डिसें., शनि.

काल नळी काढली. स्वतःच्या श्वासावर आहे. अकरा वर्षांत देवाला काही मागितलं नव्हतं, परवा मागितलं.

आज विभागाची बैठक. साठ्ये उभा राहिला आणि म्हणाला, "युनिट माझं आहे, जबाबदारी माझी." बस. ना फॉर्मकडे बोट, ना भूलवाल्यांकडे, ना सिस्टरकडे. मी रजेवर होते हेसुद्धा काढलं नाही. पवार सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

पहिल्या दिवशी नव्हता आला एवढा राग आज आला त्याचा. ओरडला असता तर मला तोंड उघडता आलं असतं.

१८ डिसें., गुरु.

अधिष्ठात्यांचं पत्र, माझ्या नावाने. "युनिट दोनमध्ये पूर्वी रुग्ण उपाशी असल्याची खात्री करण्याची कोणती पद्धत होती, व ताबा देताना ती कळवली होती काय?" साठ्येवर खुलाशाची नोटीस आहेच. परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, संपलेली नाही त्याची. माझ्या उत्तरावर त्याचं ठरणार.

लिहिलं, "अशी कोणतीही लेखी पद्धत नव्हती." शब्दन् शब्द खरा. सही केली नाही.

दुपारी साठ्ये खोलीत आला. "मॅडम, तुम्ही सकाळी वॉर्डात काहीतरी विचारायचात म्हणे. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणतात, मॅडमनाच विचारा. काय विचारायचात?"

"फॉर्म आहे ना तुमच्याकडे."

"फॉर्म होता," म्हणाला. आणि गेला.

एवढ्या वर्षांची प्रॅक्टिस आणि तोंडातून हे निघालं. लाज वाटली. तरी उठून मागे गेले नाही.

६ जाने., मंगळ.

पत्राचं स्मरणपत्र आलं. ९ डिसेंबरपासून युनिटची एकही केस घेतलेली नाही साठ्येने, आजही नाही. मंगळवार असून टेबल रिकामं. हेच हवं होतं ना मला? मग दिवसभर डोकं का धरलं होतं कोण जाणे.

१९ जाने., सोम.

इंदूबाई पुन्हा भरती. पित्ताशय परत दुखायला लागलंय, छाती साफ आहे. उद्या केस. मुलगा म्हणे दुसरीकडे न्यायला निघाला होता, म्हातारीनेच ऐकलं नाही. साठ्येने रेसिडेंटकरवी निरोप धाडला: पहिली केस अजून व्हायचीच आहे, समोरची जागा मॅडमसाठी मोकळी ठेवतोय.

रजेचा अर्ज काढला होता. फाडला.

दुसरं स्मरणपत्रही आलंय. उद्या पाचपर्यंत उत्तर हवं.

२० जाने., मंगळ. कपडे बदलायच्या खोलीत, सव्वाआठ.

घाईत लिहितेय. साडेसहाला वॉर्डात गेले. सुनंदा सिस्टर मला बघून खुर्चीतून उठल्या. सरळ इंदूबाईंच्या खाटेपाशी. चहाचं विचारलं. मग विचारलं, "केयं खादं का, माय?"

"नही बाई. पानीबी नही."

मग माझा हात धरला आणि निरखून बघत राहिली. "तूच का ती? त्या दिनले कोठे व्हती तू? मनी जाऊनी माले सांगेल व्हतं, सकाये एक बाई येस, केयं खादं का इचारस. खादं व्हई ते परत धाडी देस. मी तुनी वाट दखी. कोनीच उनं नही. मंग माले वाटनं, आते चालस व्हई. खाई लिधं."

रागाने नाही म्हणाली. सहज सांगत होती. जावेने सांगितलेली बाई, म्हणजे मी, विचारायला आली नाही, म्हणून आता चालत असेल असं समजून तिने खाल्लं. केळं बाजूला ठेवून बाई माझी वाट बघत बसली होती, आणि मी पारोळ्याला ओट्यावर चहा पीत होते.

वळले तर साठ्ये मागे उभे. हातात छोटी वही, पेन उघडं. कधीपासून होते माहीत नाही. माझा केळ्याचा प्रश्न त्यांनी लिहून घेतला होता, तो दिसला मला. पुढची बोली त्यांना कळली नसावी.

"काय म्हणाल्या त्या?" त्यांनी विचारलं.

इंदूबाई माझ्याकडे बघत होती, सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, "सांगते. केस होऊ द्या."

हिरवा गाऊन घातलाय. उत्तराचं पत्र पर्समध्ये आहे, "लेखी पद्धत नव्हती" या एका ओळीसकट, बिनसहीचं. सिस्टर दार वाजवतायत, पेशंट टेबलावर घेतलाय, साहेब समोरच्या बाजूला कोणाला उभं राहू देत नाहीयेत. जाते.