रंगूचं बारसं

वेधशाळा, चिली
४ मार्च १९७६

ती. सिंधुताईस सा. न.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात मला एक लघुग्रह सापडला. फोटोच्या काचेवर तारे ठिपक्यांसारखे उमटतात, तो बारीक रेघेसारखा. तिथे असे हजारो दगड फिरतात, त्यातलाच एक. पण शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. मी लग्न केलं नाही म्हणून तुझा आत्याचा मान बुडाला, असं तू टोचतेस ना? आता ठेव नाव.

माया आहेच, ती वाढव.
गोरक्ष

नाशिक
२ एप्रिल १९७६

चि. गोरक्षास अ. आ.

पत्र आलं त्याच दुपारी घुगऱ्या शिजवून आळीत वाटल्या. शेजारच्या सुलाबाईंना वाटलं, तुला मूल झालं. टोपडं घेऊन आल्या. दगड आहे म्हटल्यावर म्हणाल्या, बापावर गेलाय.

नाव ठेवलं रंगू, आईचं माहेरचं. सासरी ती यशोदा झाली. मग निफाडच्या मामांखेरीज कुणी तिला रंगू म्हटलं नाही. आता मामाही नाहीत. कान कुणाचा धरावा कळेना, म्हणून तुझ्या पत्राच्या घडीतच कुर्र केलं.

जिवाला जप, ताईची आठवण असू दे.
सिंधुताई

वेधशाळा, चिली
८ सप्टेंबर १९७७

ती. ताईस सा. न.

घाई केलीस गं. लघुग्रह पुन्हा काही वेळा दिसून कक्षा नक्की झाली, तरच क्रमांक मिळतो आणि मग नाव. रंगू अपेक्षित जागी दिसलीच नाही. हरवली. दुसरा एखादा सापडला तर त्याला हेच नाव देऊ का?

रागावू नकोस, लोभ ठेव.
गोरक्ष

नाशिक
३ ऑक्टोबर १९७७

चि. गोरक्षास अ. आ.

बारसं झालेल्या मुलीचं नाव दुसरीला देत नाहीत. गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात तू हरवलास, तेव्हा आई तुलाच शोधत फिरली. दुसरा घेऊन घरी आली नाही. सुलाबाई भाचीची चौकशी करतात. फिरायला गेलीय, असं सांगते. शोध.

वाट पाहणारी,
सिंधुताई

नाशिक
११ नोव्हेंबर १९८१

चि. गोरक्षास पोटभर आशीर्वाद.

काल तुझी तार आली. माझे हात पिठाचे, म्हणून तारवाल्यानेच दारात उभं राहून वाचली. रंगू सापडली.

मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा वाचा. त्याने बिचाऱ्याने आणखी मोठ्याने वाचली.

ऐकू पहिल्यांदाच आलं होतं रे. मामा गेल्यापासून या दारात कुणी ते नाव घेतलं नव्हतं.

रंगूची आत्या