सात नंबरचे जोड

मी, सिराज याकूब सिद्दी, वय वर्षे एकोणसाठ, व्यवसाय पाइप-जोडणीचा कारखाना, मूळ गाव मुरूड तालुक्यात, जिल्हा रायगड, हल्ली मुक्काम फहाहील, कुवेत, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी फुफ्फुसे निकामी होत आली आहेत. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी या दोन्ही गोष्टी लेखी दिल्या असून ते दाखले सोबत जोडले आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी नूरबानू एवढेच म्हणाली, "लिहायचंच असेल तर खरं लिहा. नाहीतर पेन ठेवा खाली." पेन मी अजून खाली ठेवलेले नाही.

सन २००२ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात एक नाव लिहायचे राहिले होते. विसरलो म्हणून राहिले नव्हते.

हा कागद ज्या अधिकाऱ्यांपुढे जाईल त्यांना माझा चेहरा आणि माझी मराठी यांचा मेळ बसणार नाही, म्हणून आधी खुलासा करतो. आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून समुद्रमार्गे कोकणात आले. कोणी सैनिक म्हणून, कोणी खलाशी म्हणून, कोणी विकले जाऊन. जंजिऱ्याचे नवाब आमच्यातले, म्हणून गावात लोक मला चेष्टेने नवाब म्हणत आणि रागाने हबशी. पुष्कळदा दोन्ही एकाच दिवशी. कुवेतमध्ये सगळे मला सुदानी समजतात. एका मराठी कार्यक्रमात दारावरच्या स्वयंसेवकाने मला हिंदीत सांगितले की ड्रायव्हर लोकांचे जेवण मागच्या बाजूला आहे. मी त्याला शुद्ध मराठीत विचारले की कार्यक्रम वेळेवर सुरू होणार आहे का. तो बिचारा घामाघूम झाला. ही गोष्ट मी वीस वर्षे हसत सांगत आलो. पुढे जे लिहिणार आहे ते वाचल्यावर त्या स्वयंसेवकाला हसण्याचा हक्क मला उरत नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल.

कलम पहिले : दफन. मला येथील वाळूतच दफन करावे. देह गावी नेऊ नये. नमाजाच्या वेळी कोणी "हा सुदानी कोण?" असे विचारले तर एकदा दुरुस्ती करावी, दुसऱ्यांदा करू नये.

कलम दुसरे : वारस. आमच्या कायद्याप्रमाणे मुसलमानाला आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांश भागापुरतेच मृत्युपत्र करता येते. उरलेले दोन तृतीयांश ठरलेल्या हिश्श्यांनी वारसांकडे जाते. माझे वारस दोनच : नूरबानू आणि मुलगा याकूब. गावचे घर, बँकेतील ठेव आणि कुवेतमधील राई येथील कारखान्यातील माझे एकोणपन्नास टक्के यांत त्यांचे हिस्से आपोआप ठरतात. कारखान्याचा परवाना कुवेती भागीदार अबू फहद यांच्या नावे आहे. करार हिरव्या फायलीत सापडेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नूरबानूने करावी. तिला मी कधी काही सांगायचे बाकी ठेवले नाही, एक गोष्ट सोडून. तीही तिला आधीच ठाऊक होती, असे आता कळले.

कलम तिसरे : याकूबसाठी. ही अट नाही, विनंती आहे. याकूब पुण्यात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला कॉलेज सोडायचे आहे. परवा फोनवर म्हणाला, "अब्बा, दे थिंक आय ॲम फ्रॉम नायजेरिया. मेसमध्ये रोज विचारतात. मी येतो ना कुवेतला, वर्कशॉप सांभाळतो."

बाळा, क्रमाने सांगतो, कारण तू कोष्टकाशिवाय काही ऐकत नाहीस. आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाला तीन वाटा असतात : कॉलेज, हातचे कसब आणि स्वतःचा धंदा. मी तिन्ही चाललो. आयटीआय केले, मग मुंबईत दिवसा गोदीत आणि संध्याकाळी वर्गात बसून पदविका मिळवली. कॉलेजचा कागद दार उघडतो, पण आत कोण बसवून घेईल हे त्यावर लिहिलेले नसते. कसबाचे तसे नाही. जोड धरला की धरला. जोड तपासायला काढलेल्या एक्स-रेच्या फिल्मवर वेल्डरचा चेहरा उमटत नाही. इतका न्याय मी दुसरीकडे कोठे पाहिला नाही, आणि आजही नवी फिल्म उजेडाला धरताना माझे मन हरखते. धंदा ही तिसरी वाट. तेथे लोकांना कोठे बसवायचे हे तू ठरवतोस. सर्वांत धोक्याची वाट ती. तिच्यावर माझे काय झाले ते कलम पाचमध्ये आहे. ते वाच, पदवी पुरी कर, आणि मग सहा महिने इद्रूसकाकाच्या हाताखाली काम शीक. तो शिकवायला तयार होईलच असे मी सांगू शकत नाही.

कलम चौथे : श्री. विजयकुमार आगाशे. सन १९९२. आखाती युद्धानंतरच्या दुरुस्तीची कामे जोरात होती. श्री. आगाशे हे पुण्याचे अभियंता, आमच्या कंत्राटी कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मी निरीक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षेत मी पहिला आलो. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि म्हणाले, "सिराज, तुझं नॉलेज पक्कं आहे रे, मी नाही म्हणतच नाही. पण क्लायंटपुढे उभं करायला चेहरा लागतो. तू आत काम कर, पुढे मी दुसऱ्याला पाठवतो. पगारात बघू काहीतरी."

चहा मी पूर्ण प्यायलो, याचा राग मला अजून आहे.

त्यांचे वेल्डिंग-नियमांचे पुस्तक तेव्हापासून माझ्याकडे आहे. ते त्यांना परत करावे. समासात मी पेन्सिलीने नऊ ठिकाणी त्यांच्या टिपणांतील चुका दाखवल्या आहेत. सोबत माझ्या पदविकेची एक छायाप्रत द्यावी. ती त्यांनी केबिनमध्ये चेहऱ्याच्या उंचीवर लावावी, अशी माझी इच्छा होती. आता तेवढा आग्रह नाही. कारण पुढील कलमात त्यांचेच वाक्य माझ्या तोंडून निघाले आहे.

कलम पाचवे : इद्रूस. इद्रूस हसन सिद्दी हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. शाळा सातवीत सुटली. हात मात्र असा की तो कोणत्याही कॉलेजात शिकवता येत नाही. राईला मी कारखाना काढला त्यानंतर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याला बोलावून घेतले. पहिल्याच आठवड्यात त्याने सर्वांत अवघड परीक्षा दिली. ती अशी असते : पाइप पंचेचाळीस अंशांच्या तिरकस कोनात पक्का बसवतात. तो हलवायचा नाही, फिरवायचा नाही. माणसानेच त्याच्याभोवती वाकून, गुडघे टेकून, उताणे होऊन पूर्ण वळसा घालायचा आणि जोड कोठेही तुटू द्यायचा नाही. इद्रूसने तो पाऊण तासात केला आणि उठून म्हणाला, "भाय, पाइप हलत नाय तर काय झालं, आपण हललो."

आमच्या कामाची एक रीत येथे समजून घेतली पाहिजे. प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो. जोड पुरा झाला की तपासणीच्या आधी त्याने आपला पोलादी ठसा हातोडीने जोडाशेजारी उमटवायचा आणि तो नंबर रजिस्टरात चढवायचा. मी एक नंबर. फिटर आणि वेल्डर तुळशीदास मेस्त्री चार नंबर. इद्रूस सात. दुसरा नियम असा की सहा महिने ज्याच्या नंबरावर नोंद नाही त्याचे प्रमाणपत्र आपोआप रद्द होते. काम केले नाही असेच त्याचा अर्थ धरतात.

जानेवारी १९९९ मध्ये एका मोठ्या कंत्राटदाराचा खरेदी-अधिकारी कारखाना पाहायला आला. आधी त्याने मला पाहिले, मग इद्रूसला, आणि विचारले, "तुमच्याकडे सगळे असेच लोक आहेत का?" ती ऑर्डर मला हवी होती. मी इद्रूसला मागच्या शेडमध्ये नेले. मी म्हणालो, "तू आत काम कर. पुढे तुळशीदास उभा राहील. क्लायंटला चेहरा लागतो." शब्द जवळजवळ तेच. बोलून झाल्यावर ते कोणाचे आहेत हे मला ओळखू आले. तरी मी ते परत घेतले नाहीत.

त्या दिवसापासून इद्रूसने केलेल्या जोडांवर चार नंबरचा किंवा माझा एक नंबरचा ठसा पडू लागला. इद्रूसने एकदाच विचारले, "भाय, माझा नंबर गंजला काय?" मी हसलो. तोही हसला. असे अडीच वर्षे चालले.

२००१ मध्ये अहमदीतील एका कंत्राटी कंपनीने त्याला कायम नोकरी देऊ केली. बायको-मुलींना आणता येईल असा व्हिसा त्यात होता. त्यांनी फक्त माझ्या रजिस्टरातील त्याच्या नोंदींचा उतारा मागितला. मी उतारा काढला. अडीच वर्षांत सात नंबरावर एकच जोड होता, तोही फुटलेला.

त्याने तो कागद माझ्यासमोर वाचला. अक्षरे जुळवून वाचतो, म्हणून वेळ लागला. मग म्हणाला, "बाकीचे कुठं गेले?"

मी म्हणालो, "कागद आहे तसा आहे, इद्रूस."

प्रमाणपत्र गेले, नोकरी गेली, महिन्याने व्हिसा संपला. तो आज गावच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडतो. मुलींना शाळेसाठी त्याने अलिबागला मामाकडे ठेवले आहे. ज्या हातांना पाइपाभोवती फिरताना मी पाहिले, ते दोन वर्षांपूर्वी मी गावी एका मयतीला गेलो तेव्हा माझ्याशी मिळवायला पुढे आले नाहीत. हात ओले आहेत, असे तो म्हणाला.

म्हणून माझ्या एक तृतीयांशातून मी इद्रूसला देतो : गावच्या घराशेजारची दहा गुंठे जमीन, तीन वेल्डिंग यंत्रे जनरेटरसह, तिरकस परीक्षेत पाइप बसवायचा लोखंडी घोडा, आणि त्याचा सात नंबरचा ठसा, जो मी माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. तो गंजलेला नाही. मी त्याला दर वर्षी तेल लावीत आलो. या जमिनीवर त्याने कारखाना काढल्यास फलकावर त्याचे एकट्याचे नाव असावे. याकूबने किंवा कोणीही माझे नाव जोडू नये.

कलम सहावे : दुरुस्त रजिस्टर. गेल्या महिन्यात मी इद्रूसला फोन केला. बर्फाच्या यंत्राचा आवाज होता. मी जमीन, यंत्रे, सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"ते ठेव तुझ्यापाशी, भाय. माझे जोड कुठं गेले ते सांग."

"काढतो शोधून."

"काढ. माफीचं नंतर बघू."

तेव्हापासून मी आणि तुळशीदास आठवड्यातून चार दिवस कारखान्यात बसून जुन्या फिल्मची पाकिटे उघडतो आहोत. हजेरीपटावरून त्या दिवशी कोण कामावर होता ते कळते, आणि मुळाशी भरलेला धातू पाहिला की हात ओळखता येतो. इद्रूसची भरणी शेवटपर्यंत एकसारखी, थकवा कोठेच दिसत नाही. चारशे सहा जोड निःसंशय त्याचे निघाले. एकोणीस जोड त्याचे की माझे, हे सांगता येत नाही. तेही त्याच्या नावावर धरावेत. एकंदर चारशे पंचवीस. प्रत्येकाचा क्रमांक, तारीख आणि जागा परिशिष्टात आहे. त्यावर कारखान्याचा शिक्का व अबू फहद यांची सही घेतली आहे. परिशिष्टाची प्रत अहमदीच्या त्या कंपनीलाही पाठवावी. पाच वर्षांनी ते काही करणार नाहीत. तरी पाठवावी.

आता रजिस्टरात सात नंबरावर असलेल्या त्या एका जोडाविषयी. दिनांक ११ मे १९९९, पाण्याच्या दाबाच्या चाचणीत तो उकलला. कोणाला इजा झाली नाही, पण ऑर्डर जाण्याची वेळ आली आणि अधिकाऱ्याने वेल्डरचा नंबर मागितला. जोडाशेजारी ठसा नव्हता. तो आधी मारायचा असतो. मी मारला नव्हता, कारण त्या दिवशी खोकल्याने माझा हात थरथरत होता आणि तो जोड मलाच आवडला नव्हता. मी आत जाऊन ठसा आणला आणि सात उमटवला. अधिकारी म्हणाला, "वाटलंच होतं." मी मान हलवली.

तो जोड माझा आहे. तो इद्रूसच्या नावावरून काढून एक नंबरावर लिहावा.

कलम सातवे : हत्यारे. उरलेली हत्यारे कारखान्यातील कामगारांनी वाटून घ्यावीत. मोठ्या ग्राइंडरवर तुळशीदासचा फार दिवसांपासून डोळा आहे, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न करणे बरे, असे वकील सांगतात. मी त्याला दोहोंतून निवडायला सांगितले. तो म्हणाला, "नवाबानू, ग्राइंडर ऱ्हवांदे. सयच करतंय." ग्राइंडर सोडून त्याने सही पत्करली.

हा लेख मी वाचून पाहिला, नूरबानूला वाचून दाखवला, आणि प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानावर सहीशेजारी माझा एक नंबरचा ठसा कागदावर दाबला आहे. या वेळी वेळेवर.

ठिकाण : फहाहील, कुवेत
दिनांक : ९ मार्च २००६

(सही) सिराज याकूब सिद्दी

साक्षीदार पहिला : प्रभाकर गोविंद नाबर, शिक्षक, राहणार फहाहील. सिराज सिद्दी यांनी माझ्यादेखत सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा : तुळशीदास सखाराम मेस्त्री, फिटर, मूळ गाव कुडाळ तालुका, हल्ली राई. सही माझ्यासमोर झाली. ११ मे १९९९ रोजी तो सात नंबर उमटवला तोही माझ्यासमोर. त्या दिवशी इद्रूस रजेवर होता. मला कोणी विचारले नाही आणि मी बोललो नाही. आज लिहून देतो. (सही)