पात्र नाही

तीर्थपुरी,
दि. २३ फेब्रुवारी २०२४

प्रिय काकासाहेब,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे असं लिहिणार होते, पण पहिल्याच ओळीत खोटं नको. आई बरी आहे, एवढंच खरं. फोनवर तू "बरं बरं" म्हणत भलतंच काही टाईप करत असतोस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पूर्ण वाच.

आपल्या ऑनलाईन फॉर्म भरायच्या सेंटरमध्ये मारामारी झाली ते तुला कळलंच आहे. शेजारच्या रामप्रसादनं कोयत्यानं कॉम्प्युटर फोडला. तुझे दाजी मध्ये पडले, त्यांच्या उजव्या दंडाला अकरा टाके पडले. झटापटीत रामप्रसादच्या डोक्यालाही लागलं. तो जालन्याला दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर नाही.

दिवाळीत मी तुला म्हटलं होतं, साखर कारखान्याची ऊसतोडीच्या नोंदीची वेबसाईट नवी करतोयस तर कर, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालू दे. अंगठ्याचं मशीन त्याच्यावरच चालतं. तू हसलास. "ताई, जुना ब्राउझर म्हणजे कडी नसलेलं दार. शेतकऱ्यांचे आधार नंबर चोरीला गेले तर? आणि दोन टक्के लोकांसाठी जुनं किती दिवस ओढायचं?" चोरीचं मला पटलं होतं. दोन टक्क्यांचं तेव्हाही झोंबलं.

पण निदान धड सांगायचं तरी! आमच्या स्क्रीनवर काय यायचं माहीत आहे? मोठ्या लाल अक्षरांत 'पात्र नाही'. ब्राउझर बदला, हे खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत. ते कोण वाचणार? रामप्रसाद तीनदा आला, तीनदा अंगठा पुसून बसला, तीनदा लाल. इकडं त्याचा उभा ऊस वाळत होता आणि कुंभार पिंपळगावच्या साडूच्या उसाला तोड लागली होती.

मी म्हटलं, मशीन जुनं आहे. तो म्हणाला, "मराठीत लिवलंय ना बाई, मला वाचता येतंय. मीच पात्र न्हाई."

त्याला मी साडूच्या गावी, तिथल्या नव्या कॉम्प्युटरच्या सेंटरवर पाठवायला हवं होतं. त्याऐवजी ऐटीत म्हणाले, "दोन दिवस थांबा, वेबसाईट माझ्याच भावानं केलीय." मग तुला चार फोन केले. तू मीटिंगमध्ये होतास.

मंगळवारी तो कोयता घेऊनच आला. "तुज्याच भावानं मला बाद केलंय व्हय? मंग तसं सांग की! दोन दिवस झालं झुलवून राह्यली मला!" पहिला घाव स्क्रीनवर, दुसरा तुझ्या दाजींवर. रक्त कीबोर्डवर, भिंतीवर, माझ्या तोंडावर उडालं.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते सांगते. रक्त बघून रामप्रसादनं कोयता टाकून दिला होता. तो खाली बसला आणि डोकं धरून रडायला लागला. मी टेबलाखालचा यूपीएस ओढून काढला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो आडवा झाला. मी परत उचलला, परत घातला. मला थांबता आलं असतं. थांबायचं नव्हतं. दाजींनी डाव्या हातानं ओढलं म्हणून तिसरा बसला नाही.

पोलिसांना ते म्हणाले, "मीच हाणलं, जीव वाचवायला." टाके घातलेल्या हातानं ते कोठडीत बसलेत आणि गल्लीतल्या बायका मलाच बिचारी म्हणतात. काल रामप्रसादची बायको, मालनबाई, कपड्यांची पिशवी घेऊन जालन्याला निघाली होती. माझ्या दारात थांबून म्हणाली, "ताई, आमची नोंद लागली का वो?" मला तिच्याकडं बघता आलं नाही.

ती नोंद तू कारखान्यात सांगून पत्र मिळताच करून घे. वेबसाईट जुन्या मशीनवर चालव नाहीतर नको चालवू, ते तुम्ही शिकलेले ठरवा. पण ते दोन शब्द काढ. त्या जागी मराठीत लिही की तुमच्यात काही खोट नाही, हे पान आम्हाला तुमच्या मशीनवर उघडता येत नाही.

पत्र पेटीत टाकून मी पोलीस ठाण्यात चालले आहे. दाजींना घरी न्यायला तू ये, त्यांना एका हातानं जेवता येत नाही. रामप्रसादला मीच हाणलं असं आईला सांग, दुसरं काही सांगू नको.

तुझ्या दोन टक्क्यांतली,
दैवशालाताई